ई-पुस्तकाची रास्त किंमत

ई-पुस्तकाला कागद नाही, छपाई नाही, टपालखर्च नाही. म्हणून ते छापील प्रतीच्या पाव किमतीत मिळावे, आणि एकच पुस्तक दोन विक्रेत्यांकडे दोन भावांत दिसले तर महाग देणारा लुबाडतो, असा मराठी वाचकांत सर्रास समज आहे. रत्नागिरीत पुण्या-मुंबईहून पुस्तक मागवताना कुरियरचे पैसे पडतात, त्यामुळे तिथे तो अधिकच पटतो.

पण कागद आणि छपाई हा किमतीचा एक भाग झाला. लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, विक्रेत्याचे कमिशन यांतले काहीच फाईललाही चुकत नाही. शिवाय कर आहे. छापील पुस्तकाला जीएसटी माफ. ई-पुस्तकावरचा 18 टक्के कर जुलै 2018 मध्ये 5 टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरताच. फुकटाची अपेक्षा स्वामित्वहक्क संपलेल्या साहित्याबाबत योग्य ठरते. मालगुंडचे केशवसुत 1905 मध्ये वारले. त्यांच्या कविता कोणीही मोफत द्याव्यात. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे 2007 मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क 2067 अखेरपर्यंत आहे.

सगळीकडे एकच भाव असला की तो रास्त, हेही खरे नाही. अमेरिकेत अ‍ॅपल आणि बड्या प्रकाशकांनी संगनमताने ई-पुस्तकांचे भाव चढवल्याचा निकाल 2013 मध्ये न्यायालयाने दिला. बुकगंगा, किंडल, गूगल यांच्या भावांत फरक पडणे हे स्पर्धेचेच लक्षण आहे. विक्रेत्याने सवलत स्वतःच्या कमिशनमधून दिली तर ती स्वागतार्ह. लेखकाच्या वाट्याला कात्री लावून दिली तर तीच स्वस्ताई अन्यायाची. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

ई-पुस्तक स्वस्त असायलाच हवे, पण त्याचे कारण वेगळे आहे. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ कादंबरीची छापील प्रत घरात चौघे वाचतात, ती शेजारी जाते, पुढे ग्रंथालयालाही देता येते. 1828 पासूनचे रत्नागिरीचे नगर वाचनालय पुस्तकाच्या या हातोहात फिरण्यावरच उभे आहे. ई-पुस्तकात बहुधा केवळ वाचण्याचा परवाना मिळतो. एका अ‍ॅपमधले पुस्तक अनेकदा दुसऱ्यात नेता येत नाही. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली ऑर्वेलची पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, तरी पुस्तक हातातून गेलेच. हक्क जितके कमी, तितका भाव कमी, हाच हिशेब न्यायाचा. म्हणून वाचकाने भांडायचे ते पाच-दहा रुपयांसाठी नव्हे. प्रत दुसऱ्याला देता येईल का, खाते बंद झाल्यास ती उरेल का आणि लेखकाला किती मिळेल, हे किमतीशेजारीच छापणे विक्रेत्यांवर बंधनकारक व्हावे.