जुन्या गाडीची घरघर : टायर की बेअरिंग?

दुकानाचा माल आणि घरची माणसे वर्षानुवर्षे वाहणारी गाडी एके दिवशी घरघरू लागते आणि पहिला खर्च होतो तो नव्या टायरांवर. पुष्कळदा तो व्यर्थ जातो.

थरथर आणि घरघर यांत भेद आहे. ताशी ८०-१०० किलोमीटरला स्टेअरिंग थरथरत असेल, तर प्रथम चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. केवळ ब्रेक दाबताना हादरे बसत असतील, तर डिस्क. बेअरिंगची घरघर मात्र वेगाबरोबर वाढत जाते. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच आवाज पालटला, तर तो बहुधा टायरचाच. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली, तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा.

मग मेकॅनिकने गाडी जॅकवर उचलून, स्टँडचा आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले आढळल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंट पाहावा. प्ले नसला तरी बेअरिंग निर्दोष ठरत नाही. चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर टेकलेल्या बोटांना खरखर जाणवते.

झिजलेले बेअरिंग तापून जाम होऊ शकते, क्वचित चाकही निखळते; अशा गाडीने यात्रेस निघू नये. नवे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवले, तर ते लवकरच पुन्हा घरघरते. प्रेसवर बसवणारे गॅरेज थोडे महाग पडले तरी तेच निवडावे.