विटांवर उभी मोटार

भोपाळच्या सोनागिरी वस्तीत माझे थोरले बंधू राहतात. भेलच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो असता गल्लीत जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने घरची जुनी मारुती जॅकने उचलली, खाली विटांची चळत रचली, जॅक काढून घेतला आणि सायलेन्सर पाहण्यासाठी पाठीवर सरपटत आत शिरला. पाना विसरला म्हणून बाहेर आला, तेवढ्यात एक वीट तडकली आणि गाडी धाडकन खाली बसली. आवाज ऐकून आम्ही धावलो. मुलगा पाना हातात घेऊन उभा होता. त्याच्या आईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

दादा त्याच्यावर रागावले नाहीत. घरात जाऊन त्यांनी लाकडाचे दोन जड टेकू आणून त्याच्यापुढे ठेवले. जुन्या सागवानी चौकटीचे हातभर लांबीचे तुकडे, दोन उभे, त्यांवर दोन आडवे, पुन्हा दोन उभे, असे रचून स्क्रूने जखडलेले. मुलगा म्हणाला, “काका, लोखंड सोडून लाकूड?” हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

विटेवर भार सर्वत्र सारखा पडला तर ती पुष्कळ सोसते. पण मोटारीच्या पत्र्याची कड तिच्या एकाच रेषेवर टेकते, आणि वीट तडकते ती न सांगता. लाकूड आधी दबते, करकरते, त्यावर वळ उठतो. कोळशाच्या खाणीतले जुने कामगार छताला लाकडाचा आधार पसंत करीत, त्याचे एक कारण हेच: लाकूड मोडण्याआधी बोलते. आता हिशेब पाहा. दहा सेंटीमीटर रुंदीचे दोन तुकडे एकमेकांवर आडवे पडले की छेद होतो शंभर चौरस सेंटीमीटरचा. साध्या लाकडाला चौरस सेंटीमीटरमागे पंधराच किलो धरले तरी एक छेद दीड हजार किलो पेलतो, आणि टेकूच्या प्रत्येक थरात असे चार छेद. सगळी मारुती आठशे मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास! तेव्हा प्रश्न बळाचा नाही, कलंडण्याचा आहे. टेकूची उंची त्याच्या बुडाच्या रुंदीपेक्षा जास्त नको, हा दादांचा नियम. लाकूड वाळलेले हवे, त्याला चीर, मोठी गाठ किंवा वाळवी नको.

याहून अधिक माणसे फसतात ती चाकांपाशी. बहुतेक मोटारींचा हातब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो ओढलेला असून नसल्यासारखा! म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा पाचर लावलीच पाहिजे. भोपाळची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी. तिच्यावर जॅक आणि टेकू दोन्ही जाड फळीवर ठेवावे लागतात. काढलेले चाक बाजूला न टाकता गाडीच्या कडेखाली आडवे सारावे. आणि आत शिरण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी चांगला हिसका द्यावा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

बाजारात लोखंडी घोड्या मिळतात, त्या चांगल्याच. पण त्यांचे बारीक पाय मऊ जमिनीत रुततात, आणि त्यांतला खटका बिघडू शकतो. अमेरिकेत २०२० साली अशा लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या. तरीही ज्याला परवडते त्याने त्या घ्याव्यात. माझे भांडण घोडीशी नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरण्याशी आहे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.

दादा ज्या कारखान्यात होते तिथे टर्बाइन आणि ट्रान्सफॉर्मर तयार होतात. टांगलेल्या ओझ्याखाली कोणी उभे राहायचे नाही, ही तिथली पहिली शिकवण. गेटाबाहेर पडताच तोच माणूस घरी विटा रचतो, कारण घरी बघणारा फोरमन नसतो. आपल्या महाविद्यालयात गुरुत्वमध्यावरचे उदाहरण पाच गुणांना सुटते. ते सोडवणारा विद्यार्थी सुटीत कशावर गाडी उभी करतो, हे आम्ही प्राध्यापकांनी कधी विचारले आहे काय? प्रयोगशाळेत लंबक आहेत, तराजू आहेत. एक लाकडी टेकू आणि एक जॅक तिथे ठेवायला जागा नाही, असे मला वाटत नाही. खर्च तर भंगारातल्या चौकटीचा.

मी परत निघालो त्या आठवड्यात तो मुलगा सुताराकडून दोन टेकू करून घेऊन आला. दादांनी ते उन्हात धरून उलटेपालटे करून पाहिले. एक ठेवून घेतला. दुसरा परत पाठवला. त्याच्या खालच्या तुकड्यात गाठ होती.