विश्लेषण : मूल ‘अंगानेच बारीक’ की वाढ खुंटलेले? बालकांच्या वाढीचे मोजमाप कसे होते आणि कुठे चुकते?

‘आमच्या घराण्यात सगळेच बुटके’, ‘त्याचे वडीलही उशिराच बोलायला लागले’, ‘अंगानेच बारीक आहे, पण खेळतो छान’. मुलाच्या वाढीबाबत काळजी व्यक्त झाली की घरातून हीच उत्तरे येतात. अनेकदा ती खरीही असतात. मात्र काही मुलांच्या बाबतीत याच समजुतीत उपचारांचे महत्त्वाचे महिने निघून जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ३४.४ टक्के होते. म्हणजे देशाचा आकडा ३८.४ वरून ३५.५ टक्क्यांवर आला, त्या काळात राज्याचा आकडा किंचित वाढला. ही वाढ नेमकी कशी मोजतात, बसण्या-चालण्या-बोलण्याचे टप्पे किती काटेकोर असतात आणि यंत्रणेच्या नजरेतून मुले कुठे सुटतात, याचा हा आढावा.

खुजेपणा, लुकडेपणा आणि कमी वजन यांत फरक काय?

‘कुपोषण’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर तो खुजेपणा. तो दीर्घकाळ अपुरे पोषण, वारंवार होणारे आजार आणि आईचे आरोग्य यांचा परिणाम असतो. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर तो लुकडेपणा. तो अलीकडच्या काळातील आजार किंवा उपासमार दाखवतो आणि जिवाला अधिक धोकादायक असतो. वयाच्या मानाने वजन कमी असणे हे या दोन्हींचे मिश्रण आहे.

महाराष्ट्राची अडचण दुसऱ्या प्रकारात अधिक ठळक दिसते. पाचव्या फेरीत राज्यातील २५.६ टक्के मुले लुकडी, तर १०.९ टक्के मुले तीव्र लुकडी आढळली. देशाचे हेच आकडे अनुक्रमे १९.३ आणि ७.७ टक्के होते.

मोजणीची रेषा ठरते ती जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार. त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यांकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असलेले मूल खुजे धरले जाते. निरोगी, सुपोषित मुलांच्या समूहातही शंभरात दोन-तीन मुले या रेषेखाली असतातच. त्यामुळे एखादे मूल रेषेखाली आहे म्हणजे ते आजारीच, असे नाही. पण जिथे दोन-तीन मुले अपेक्षित आहेत तिथे ३५ सापडत असतील, तर त्याचे उत्तर ‘घराण्यातच बुटके’ हे असू शकत नाही.

कोणत्या वयात किती वाढ अपेक्षित?

जन्मावेळी मध्यांकावरील मुलाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर आणि वजन ३.३ किलो असते. पहिल्या वर्षात लांबी साधारण २५ सेंटिमीटरने वाढते आणि वजन जवळपास तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात उंचीतील वाढ १२ सेंटिमीटरच्या आसपास येते. त्यानंतर ती आणखी मंदावत जाते आणि वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येते. पाचव्या वाढदिवशी मध्यांकावरील मुलाची उंची ११० सेंटिमीटर, तर मुलीची त्याहून किंचित कमी असते.

दोन वर्षांनंतर ‘पूर्वीसारखा जेवत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, त्याचे एक कारण वेगातील ही घट आहे. दुसरीकडे, गरोदरपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत वाढ सर्वाधिक वेगाने होत असल्याने नुकसानही तेव्हाच सर्वाधिक होते. याच काळात मेंदूची बहुतांश वाढ होते. असे असताना देशातील ६ ते २३ महिने वयाच्या केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळतो, असे पाचव्या फेरीत आढळले.

त्यामुळेच एका दिवसाच्या वजनापेक्षा तक्त्यावरील रेषा महत्त्वाची. मूल सुरुवातीपासून खालच्या रेषेवर असेल, पण त्याच रेषेला धरून वाढत असेल, तर चिंता कमी असते. मधल्या रेषेवरचे मूल तीन-चार महिन्यांत दोन रेषा खाली घसरले असेल, तर ते अजून ‘सर्वसाधारण’ गटात असले तरी तपासणी हवी.

बसणे, रांगणे, चालणे : ठरलेली तारीख की कालावधी?

‘शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले, आमचे अजून नाही’ ही तुलना पालकांना सर्वाधिक छळते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची नोंद ठेवून हालचालींच्या सहा टप्प्यांचे कालावधी निश्चित केले. त्यानुसार आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, तर आधाराविना चालणे ८.२ ते १७.६ महिने, एवढ्या मोठ्या अंतरात कधीही घडू शकते. नवव्या आणि सतराव्या महिन्यात चालू लागलेली दोन्ही मुले सर्वसाधारणच. या अभ्यासातील ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपली यादी बदलली, तेव्हा रांगणे त्यातून वगळण्यात आले. पूर्वी त्या यादीत निम्मी मुले जे करू शकतात ते त्या वयाचा टप्पा मानले जाई. आता ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुले जे करतात, तेच त्या वयासमोर लिहिले जाते. टप्पा हुकला तर ‘अजून थोडी वाट पाहू’ या सल्ल्यात वेळ जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. मात्र या यादीतून काही टप्पे अधिक उशिराच्या वयात गेले, अशी टीकाही झाली.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना वेगळा नियम आहे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आठ महिन्यांचे असेल, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत करतात.

कोणत्या लक्षणांवर वाट पाहू नये?

कालावधी मोठा असला तरी त्याला शेवट आहे. तीन महिन्यांपर्यंत आईकडे पाहून हसत नाही, पाच महिन्यांपर्यंत मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांपर्यंत बसत नाही, दीड वर्षापर्यंत चालत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. हाकेला प्रतिसाद नसेल तर श्रवणचाचणी आधी करावी. ऐकूच येत नसेल, तर बोलणे येणार कुठून? आणि आधी येत असलेले शब्द किंवा हालचाली बंद झाल्या, तर वय कोणतेही असो, तातडीने दाखवावे.

हा विषय मोजक्या मुलांपुरता नाही. देशातील पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोव्याचाही समावेश होता, दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण १२ टक्के, म्हणजे जवळपास आठातील एका मुलात चेतासंस्थेच्या विकासाशी निगडित किमान एक समस्या आढळली. ठिकाणानुसार या प्रमाणात मोठी तफावत होती. श्रवणदोष, अपस्मार, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असे प्रकार त्यात होते. यांपैकी अनेकांत लवकर सुरू झालेल्या उपचारांचा फायदा स्पष्ट दिसतो.

एका सेंटिमीटरने काय बिघडते?

दोन वर्षांच्या मुलाची मध्यांक लांबी ८७.८ सेंटिमीटर आहे आणि खुजेपणाची रेषा ८१.७ वर. दोन प्रमाण विचलनांचे हे अंतर अवघे सहा सेंटिमीटर. म्हणजे मोजणीत एक सेंटिमीटरची चूक झाली, तर निकाल विचलनाच्या एक षष्ठांश नव्हे, जवळपास एक तृतीयांशाने सरकतो. ८२ सेंटिमीटरचे मूल ८१ नोंदले गेले की ते थेट खुजे ठरते.

ही चूक होण्याच्या जागा अनेक आहेत. दोन वर्षांखालील बाळाला झोपवून, त्यापुढच्या मुलाला उभे करून मोजायचे असते. या दोन पद्धतींत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. रडणाऱ्या बाळाचे गुडघे सरळ धरायला दुसरी व्यक्ती लागते. वजनकाटा सपाट फरशीवर नसेल, शून्यावर आणलेला नसेल, तर तिथेही तीच गत. जन्मतारीख अंदाजे असेल तर उंची अचूक मोजूनही उपयोग नाही. वर्षाच्या आसपासचे बाळ महिन्याला एक सेंटिमीटरहून थोडे अधिक वाढते, त्यामुळे वयातील एका महिन्याची चूक जवळपास तितकीच महागात पडते.

पोषण ट्रॅकर आणि सर्वेक्षणाचे आकडे का जुळत नाहीत?

मार्च २०२१ पासून अंगणवाडी सेविका मुलांची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर करतात. २०२४ च्या मध्यावरील नोंदींनुसार देशातील साधारण ३५ टक्के मुले खुजी आणि १७ टक्के कमी वजनाची होती. लुकडेपणाचे प्रमाण पाच-सहा टक्के होते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हेच आकडे ३५.५, ३२.१ आणि १९.३ टक्के होते. खुजेपणा जुळतो आणि लुकडेपणा तिपटीहून अधिक फरकाने कमी येतो, हे कसे?

दोन्हींची पद्धत आणि काळ वेगळा आहे. सर्वेक्षणात प्रशिक्षित पथके निवडक घरांत जातात, तर ट्रॅकरवर अंगणवाडीत नोंदलेली मुले असतात. न नोंदलेली, अंगणवाडीत न येणारी मुले त्यात नसतात. शिवाय एक गणिती शक्यताही आहे. उंची प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदली गेली, तर वयाच्या मानाने मूल खुजे दिसते, पण त्या कमी उंचीच्या मानाने त्याचे वजन मात्र पुरेसे वाटते. म्हणजे एकाच चुकीने खुजेपणा फुगतो आणि लुकडेपणा झाकला जातो. तफावतीत या कारणाचा वाटा किती, हे दोन्ही पद्धतींनी तीच मुले पुन्हा मोजल्याशिवाय ठरणार नाही. मात्र लुकडेपणा झाकला जाणे हे अधिक गंभीर, कारण ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात कोणाला दाखल करायचे, हे त्यावरच ठरते. अशा वेळी दंडघेराची पट्टी उपयोगी पडते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर उंची कितीही नोंदलेली असो, ते तीव्र कुपोषित गटात येते.

भारतीय मुलांसाठी वेगळी मोजपट्टी हवी का?

भारतीय मुले जनुकीयदृष्ट्याच कमी उंचीची असतात, त्यामुळे जागतिक मानकाने कुपोषण फुगवून दाखवले जाते, असा युक्तिवाद अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये केला होता. त्यावर मोठा वाद झाला. मुळात २००६ ची मानके ज्या सहा शहरांतील सुमारे साडेआठ हजार मुलांवरून तयार झाली, त्यांत दिल्लीचाही समावेश होता. स्तनपान, पुरेसा आहार, धूम्रपानापासून मुक्त घर मिळालेल्या मुलांच्या लांबीतील एकूण फरकांपैकी केवळ तीन टक्के फरक देशांमुळे होता. बाकी बहुतांश फरक एकाच देशातील मुला-मुलांमधला होता.

वेगळ्या मानकाच्या बाजूने असलेला मुद्दाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कमी उंचीच्या आईच्या पोटी जन्मलेले बाळ एका पिढीत ही दरी पूर्ण भरून काढू शकत नाही, आणि केवळ रेषा गाठण्यासाठी अति खाऊ घातल्यास पुढे स्थूलता व मधुमेहाचा धोका वाढतो. तरीही पाच वर्षांखालील मुलांसाठी मोजपट्टी खाली आणली, तर आकडे सुधारतील, ताटातले अन्न नाही, हा आक्षेप कायम राहतो.

सहा वर्षांनंतर मुलांकडे कोण पाहते?

पाच ते १८ वर्षांच्या मुलांसाठी भारताचे स्वतःचे तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या तक्त्यांच्या कामात पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख सहभाग होता. त्यांत अतिवजन आणि स्थूलतेच्या मर्यादा भारतीयांसाठी मुद्दाम अधिक कडक ठेवल्या आहेत.

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३, तर मुलांमध्ये ९ ते १४ या वयात होते. मुली आधी उंच होतात, मुले नंतर झेप घेतात. त्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसणे स्वाभाविक आहे. मुलीत आठ किंवा मुलात नऊ वर्षांआधी बदल दिसले, किंवा मुलीत १३ आणि मुलात १४ वर्षांपर्यंत काहीच बदल नसले, तर तपासणी आवश्यक. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर उंची वाढवणारे कोणतेही औषध चालत नाही, जाहिरातीतील पावडरही नाही.

शाळेत मात्र दरमहा वजन-उंची मोजणारी अंगणवाडीसारखी व्यवस्था नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येतात. २०१३ मध्ये याच कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ पालघरमध्ये झाला होता. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार, अशी ही साखळी आहे. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असेल, तर पुढची संधी वर्षाने येते.

महाराष्ट्रात नेमके कुठे अडते?

ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांसोबत गेलेल्या मुलाचे गावच्या अंगणवाडीतील वजन थांबते आणि तळावर नवी नोंद सुरू होईलच असे नाही. सलग पाच-सहा महिन्यांची रेषा तक्त्यावरून गायब होते. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरितांची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत नेण्याची सोय आहे, पण त्यासाठी जवळ अंगणवाडी आणि सेविकेला मुलाची माहिती, दोन्ही असावे लागते. मेळघाट, नंदुरबारसारख्या भागांत अंतर आणि पावसाळा हीच मोठी अडचण असते.

दुसरे कारण आईच्या वयाशी आणि आरोग्याशी जोडलेले आहे. पाचव्या फेरीनुसार राज्यातील २० ते २४ वर्षांच्या २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. स्वतःची वाढ पूर्ण न झालेल्या मुलीचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता अधिक. त्यामुळे बाळाच्या तक्त्यावरील पहिला बिंदूच खाली पडतो.

तिसरा मुद्दा विकासाच्या टप्प्यांचा. वजन-उंचीसाठी निदान आकडा तरी आहे. बोलणे, खेळणे, नजर देणे यांची नोंद अजूनही सेविकेच्या निरीक्षणावर आणि घरच्यांच्या सांगण्यावर अवलंबून आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला असून त्यात वयानुसार १४० कृती दिल्या आहेत. या वयाची बहुतांश मुले अंगणवाडीत बसत नाहीत, घरीच असतात. त्यामुळे आराखड्याचे यश गृहभेटींवर ठरेल. पोषण आहाराचे वाटप, लसीकरणाला मदत, सर्वेक्षणे आणि अ‍ॅपवरील नोंदी सांभाळून सेविकेला अशा भेटींसाठी किती वेळ उरतो, हा प्रश्न आहे.

पालकांच्या हातात काय आहे?

माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता आणि विकासाचे टप्पे दोन्ही छापलेले असतात. लसीच्या नोंदी होतात, तक्ता मात्र अनेकदा कोरा राहतो. प्रत्येक लसीकरणाच्या वेळी वजन आणि लांबी मोजून बिंदू त्या तक्त्यावर मांडून घेण्याचा आग्रह पालक धरू शकतात. एका बिंदूवरून कळत नाही ते तीन-चार बिंदू जोडल्यावर दिसते, आणि ‘अंगानेच बारीक’ की वाढ खुंटलेली, याचे उत्तरही मग अंदाजावर सोडावे लागत नाही.