विश्लेषण : क्षयरुग्णाच्या घरच्यांना डाळ-तांदूळ दिल्यास क्षय टळतो?

क्षयरोगाचे निदान झाले की सरकारी केंद्रातून औषधे मोफत मिळतात आणि पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. पण त्याच खोलीत झोपणाऱ्या, त्याच्याच कमाईवर जेवणाऱ्या बायको-मुलांचे काय? क्षयरुग्णाच्या घरच्यांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांच्या ताटात थोडी भर घातली तर आजार टळेल का, हे झारखंडमध्ये मोजून पाहण्यात आले. ‘रेशन्स’ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोग नेमका काय होता?

मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेसह ही चाचणी केली. झारखंडच्या चार जिल्ह्यांतील फुप्फुसाचा क्षय झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ जण तिच्यात होते. रुग्ण सगळेच उपचारावर होते आणि सगळ्यांना दरमहा १० किलोंचा शिधा मिळत होता. फरक केला तो कुटुंबीयांत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी उपचार केंद्रांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटातील प्रत्येक प्रौढ कुटुंबीयाला सहा महिने दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातील कुटुंबीय नेहमीचेच जेवत राहिले. मध्येच करोना आला, टाळेबंदी लागली. तरी शिधा घरोघरी पोहोचत राहिला आणि कुटुंबीयांवर जुलै २०२२ पर्यंत लक्ष ठेवण्यात आले.

हाती काय लागले?

शिधा न मिळालेल्या ४,७२४ कुटुंबीयांपैकी १२२ जणांना क्षय झाला, शिधा मिळालेल्या ५,६२१ पैकी ९६ जणांना. संशोधकांच्या हिशेबाने नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय, म्हणजे जो खोकल्यातून पुढे पसरतो, तो ४८ टक्क्यांनी कमी झाला.

टक्केवारी ऐकायला मोठी वाटते, म्हणून दुसऱ्या बाजूनेही पाहावे. एकाला क्षय होण्यापासून वाचवायचे तर सुमारे ३० कुटुंबांतील १११ जणांना सहा महिने शिधा द्यावा लागतो. हे जास्त की कमी, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या शिध्याने उरलेल्या ११० जणांचेही पोट भरते.

जेवणाचा आणि जंतूचा काय संबंध?

क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. रोगप्रतिकारक पेशी जंतूंभोवती वेढा घालून त्यांना कोंडून ठेवतात. हा वेढा टिकवायला शरीराला ऊर्जा आणि प्रथिने लागतात. उपासमारीत तो ढिला पडतो आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेला जंतू उठतो. झारखंडच्या चाचणीतील दर पाच रुग्णांपैकी चार जणांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी, म्हणजे वजन उंचीच्या मानाने अपुरे होते. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाचे वजन ४७ किलोंच्या खाली असेल, तर तो या गटात येतो.

हे आधी कळले नव्हते?

कळले होते, पण मागे पडले. औषधे नव्हती तेव्हा चांगले अन्न, विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे त्यावरच चालत. पुढे औषधे आली. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने गरीब रुग्णांवर घरीच उपचार करून दाखवले. औषधे नियमित घेतली तर साधे जेवण असूनही रुग्ण बरे होतात, हे त्यात दिसले. लाखो लोकांना रुग्णालयात खाट मिळण्याची वाट पाहावी लागली नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण क्षयरोग कार्यक्रमाच्या आखणीतून अन्न जवळपास बाहेर पडले. तेच मद्रासचे केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. रुग्ण बरा होणे आणि घरच्यांना आजार न होणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर शोधायला तिच्याच सहभागाने झारखंडची चाचणी व्हावी लागली.

काय सिद्ध झालेले नाही?

पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा समाजमाध्यमांवर ‘खाल्ल्याने क्षय बरा होतो’ असा फिरवणे चुकीचे आहे. शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. मुळात आजार सौम्य असलेल्यांचेच वजन लवकर वाढले असेल, हीही शक्यता उरते. औषधाला पर्याय नाही. गोळ्या मध्येच सोडल्या तर डाळ-तांदूळ वाचवणार नाहीत. शिवाय ही कुटुंबे गरीब आणि कुपोषित होती. मधुमेह असलेल्या, पोटभर खाणाऱ्या शहरी माणसाला हा निष्कर्ष तसाच लागू होत नाही.

सरकारने काय केले?

‘निक्षय पोषण’ योजनेतील मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून एक हजार रुपये झाली. वजन उंचीच्या मानाने अपुरे असलेल्या रुग्णांना सुरुवातीचे दोन महिने जास्त उष्मांकाचा पूरक आहार देण्याचेही ठरले. कुटुंबीयांसाठी मात्र वाट धरली ती ‘निक्षय मित्रां’ची. रुग्ण दत्तक घेणाऱ्या या देणगीदार व्यक्ती वा संस्थांनी आता घरच्यांनाही शिधा द्यावा, अशी तरतूद आहे. म्हणजे देणगीदार मिळाला तर शिधा, नाही तर नाही. अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर हक्काचे मिळते ते धान्य. डाळ त्यात नाही. झारखंडच्या कुटुंबांना सरकारी रेशनवर मिळत नसलेली नेमकी तीच वस्तू दरमहा माणशी दीड किलो मिळत होती. जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. रेशनवरच्या डाळीचा खर्च मोजताना त्यांच्यावरील उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्चही समोर ठेवायला हवा.

तूर्तास घरात कुणाला क्षय असेल तर सर्वांचे वजन महिन्यातून एकदा तरी करून लिहून ठेवावे. वजन विनाकारण घटत असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.