‘प्रवासीच नव्हते’ म्हणता?

यवतमाळ–दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर मार्गावरच्या समस्त बंधू-भगिनींनो,

शकुंतलेचा, म्हणजे आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर छोट्या गाडीचा, विषय काढला की एक ठरलेलं उत्तर मिळतं, ‘अहो, गाडीला प्रवासीच नव्हते.’ खुर्चीवरचा माणूस बदलला तरी उत्तर तेच. हे पत्रक त्या एका वाक्यासाठी छापलं आहे.

शेवटी शेवटी प्रवासी नव्हते, कबूल. पण ते कधीपासून नव्हते आणि काहून नव्हते, हे कोणी विचारायचं?

यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर. शेवटच्या वर्षांत गाडी ताशी वीस किलोमीटरच्या वर जात नव्हती. एवढ्याशा अंतराला सहा-सात तास. सकाळी निघालेल्या माणसाचं कोर्टाचं काम, दवाखाना, बाजार, सगळं बुडणार. मग तो एसटीकडे वळला, काळीपिवळीत दाटीवाटीने बसला, ऐपत होती त्याने मोटारसायकल घेतली. चूक त्याची?

गाडी हळू का धावत होती, हेही समजून घ्या. इंजिनात दम नव्हता म्हणून नव्हे. रुळाखालचे स्लीपर कुजले, गिट्टी मातीत रुतली, पावसाळ्यात भराव खचला की त्या जागी वेगाचं बंधन लागतं. ते योग्यच आहे, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण बंधन तात्पुरतं असतं. गँग येते, स्लीपर बदलते, गिट्टी भरते आणि बंधन उठतं. आपल्या मार्गावर बंधन यायचं आणि राहायचं. एका जागेचं दहा जागी झालं, दहाचं सगळ्या मार्गाचं झालं. गाडी मंदावली तसा प्रवासी घटला, प्रवासी घटला तसं उत्पन्न घटलं, आणि घटलेलं उत्पन्न दाखवून पुढच्या दुरुस्तीवर खर्च नको असं ठरलं. कोणी बंदीचा हुकूम काढायची गरजच पडली नाही. गेल्या दशकात गाडी थांबली तेव्हा अर्ध्या जिल्ह्याला ती आधीच थांबल्यासारखी वाटत होती.

‘जुनी झाली होती’ असंही सांगतात. मग या गाडीच्या वाफेच्या इंजिनाची गोष्ट ऐका. ते 1921 साली मँचेस्टरला तयार झालं, 1923 पासून या मार्गावर धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला डिझेल इंजिन आलं तेव्हा निवृत्त झालं. सत्तर वर्षं! विदर्भाचा उन्हाळा आणि काळ्या मातीचा चिखल सोसत ते चाललं, कारण फिटर आणि फायरमन रोज त्याला तेल देत होते, पुसत होते, झिजलेला भाग बदलत होते. हात फिरत राहिला तर यंत्र किती टिकतं, याचा पुरावा याच मार्गावर होता. रूळही त्याच लोखंडाचे होते की!

हा मार्ग घातला किलिक-निक्सन या मुंबईच्या इंग्रजी कंपनीने, विदर्भातला कापूस उचलण्यासाठी. अडीच फुटी रुळांवरून गाठी मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबई बंदरात, तिथून विलायतेला. मार्गाची मालकी किलिक-निक्सनने 1910 साली काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे राहिली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात हा मार्ग सुटला. मालक एक, गाडी चालवणारी मध्य रेल्वे. वर्तमानपत्रांनी ‘आजही इंग्रजांना भाडं देणारी रेल्वे’ म्हणून याचं खूप कौतुक रंगवलं, दिल्ली-मुंबईचे लोक फोटो काढायला आले. आम्हाला त्या गमतीत रस नाही. घरमालक आणि भाडेकरू दोघंही छत शाकारायला तयार नसले तर घर गळणारच, आणि गळक्या घरात आपण बसलो होतो.

नव्या पोरांनी ती गाडी पाहिली नसेल, म्हणून सांगतो. रस्त्याचं फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची. गाडीवरचाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा. चार डबे पलीकडे सरकले की पुन्हा थांबणं, फाटक उघडणं, तो माणूस धावत येऊन चढणार, मग हिरवी झेंडी. गार्डच तिकिटं द्यायचा. मूठभर लोक सगळ्या मार्गाचा गाडा ओढत होते. बाहेरचे हसायचे. आम्हाला त्या माणसांचा अभिमान वाटतो, कारण रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत तेव्हा त्यांनी दोन-दोन, तीन-तीन माणसांचं काम केलं. सेवेचा दर्जा घसरला तो त्यांच्यामुळे नाही.

आता माथेरानकडे पाहा. तीही छोटी गाडी, आपल्यापेक्षाही अरुंद रुळांची, 1907 सालची. डबे घसरले म्हणून 2016 साली ती बंद पडली. दुरुस्ती झाली, पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसात घाटातला मार्ग वाहून गेला. पुन्हा काम झालं आणि ऑक्टोबर 2022 पासून नेरळहून गाडी परत वर जाऊ लागली. आमचं माथेरानशी वैर नाही, उलट अभिनंदन. पण घाटातले वाहून गेलेले रूळ जोडता येतात, आणि दारव्ह्याच्या सपाट शिवारातले येत नाहीत? तिथे सहलीला जाणारा बसतो, इथे निंदणाला जाणारी बाई बसायची. यापलीकडे फरक असेल तर तो जाहीर सांगावा.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देऊ नका. तीच तऱ्हा आता लालपरीच्या वाट्याला येते आहे. 2023 च्या पावसाळ्यात गडचिरोलीत धावत्या एसटीचं छत उचकटून वाऱ्यावर फडफडत होतं, तो व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. 25 जानेवारी 2025 पासून भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. भाडं वाढवा, पण काच, वायपर, ब्रेक आणि छत यांचा हिशोबही त्याच तिकिटावर द्या. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवड्यापासून नेर, राळेगावपर्यंत आगारं आहेत. प्रत्येक आगारात मेकॅनिकच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, सुट्या भागांअभावी उभ्या गाड्या किती, हा आकडा दर महिन्याला बसस्थानकाच्या फलकावर लिहा. खडू आणि फळा, एवढाच खर्च.

आणि नवी लाइन. वर्धा–यवतमाळ–नांदेड, 284 किलोमीटर. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन यवतमाळात थाटात झालं. आम्हीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण फीत कापायला मंडप भरतो, आणि त्याच रुळांची गिट्टी दहा वर्षांनी कोण भरणार हे विचारायला कोणी उभं राहत नाही. शकुंतलेचंही उद्घाटन झालंच असेल एके काळी.

आमचं मागणं थोडकं आहे. शकुंतलेचा मार्ग ब्रॉडगेज करण्याचं आश्वासन देऊन झालं, आता कामाची तारीख सांगा. तोवर मार्गाची एक वीतही जमीन कोणाच्या घशात जाऊ देऊ नका. नव्या लाइनीवर गँगमन आणि गेटमनच्या जागा पहिल्या दिवसापासून भरा.

येत्या ग्रामसभेत हे पत्रक वाचून दाखवा आणि ठराव घ्या. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आणि एक आपल्या खासदारांकडे द्या. तिन्ही ठिकाणी पोच घ्यायला विसरू नका. गावात कोणाकडे शकुंतलेचं जुनं तिकीट किंवा पास असेल तर तो जपून ठेवा. प्रवासी होते, हे दाखवायला तो लागेल.

आपला,
मूर्तिजापूर गाडीचा एक जुना पासधारक