रंगाचा डाग आणि चौथे शील

गतवर्षी डिसेंबरात विरार पश्चिमेला, समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टच्या आवारात भरलेल्या पेंटबॉल स्पर्धेत आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक संघ उतरला होता. पाच खेळाडू आणि दोन राखीव, असे आम्ही सात जण त्या संघात होतो. अंगात निळे टी-शर्ट, पाठीवर शाळेचे नाव, छातीवर धम्मचक्र, तोंडावर मास्क आणि हातात बंदूक, असे आमचे छायाचित्र माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यावर चाळीसेक संदेश येऊन पडले. काहींनी अभिनंदन केले. परंतु ज्यांच्या शब्दाला आम्ही आजही मान देतो, अशा काही ज्येष्ठांनी सरळ प्रश्न केला की धम्मचक्राखाली बंदूक शोभते काय? ज्यांचा मुलगा सध्या सातवीत आहे अशा एका मातेने तर लिहिले की, मुलाला या शाळेत ठेवले ते अशा गोष्टींपासून तो दूर राहावा म्हणूनच. स्मरणिकेसाठी लेख मागविला गेला तेव्हा आम्ही ठरविले की, गटावर जे उत्तर देता आले नाही ते येथे द्यावे. त्यात आमच्याकडून घडलेली एक गोष्टही सांगावयाची आहे, जी अद्याप शाळेत कोणाला ठाऊक नाही.

प्रथम खेळाविषयी. पेंटबॉलची बंदूक मुळात माणसांवर रोखण्यासाठी तयार झालेलीच नव्हती. अमेरिकेत वनखात्याच्या लोकांना तोडावयाच्या झाडांवर आणि गुराख्यांना गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी, म्हणून ती घडविली गेली. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या गावच्या रानात बारा जणांनी तिचा पहिला खेळ मांडला. चार्ल्स गेन्स हा लेखक आणि हेज नोएल हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील दलाल, या दोघा मित्रांचा वाद होता की रानात शहरी माणूस अधिक तग धरील की गावाकडचा. त्या खेळात प्रत्येक जण एकटा होता. रानात लावलेली निशाणे गोळा करून सर्वांच्या आधी बाहेर पडावयाचे होते. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा एक वनकर्मचारी. आणि या खेळाच्या जन्मकथेतील आम्हाला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट ही की, त्याने साऱ्या खेळात एकही गोळी झाडली नाही. झाडीतून तो चालत गेला, निशाणे घेतली आणि बाहेर आला.

आजचा स्पर्धेचा खेळ वेगळा आहे. मोकळ्या मैदानावर हवा भरलेले आडोसे उभे करतात, त्यांना बंकर म्हणतात. दोन्ही टोकांना पाच-पाच खेळाडू असतात. गोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची. जिलेटिनच्या पातळ कवचात पाण्याने धुऊन निघणारा रंग. तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण दंडक आहे आणि खेळापूर्वी प्रत्येक बंदूक यंत्रावर तपासली जाते. तरीही मांडीवर बसली तर चार दिवस वळ राहतो. मैदानावर मास्क काढणे हा मोठा अपराध, कारण डोळ्यास लागल्यास डोळा जाऊ शकतो. अंगावर, कपड्यावर किंवा बंदुकीवर गोळी फुटली की तो खेळाडू बाद. त्याने स्वतःच हात वर करून बाहेर जावयाचे असते. पंच असतात, पण दहा धावणाऱ्या माणसांच्या पाठीवर, कोपरावर, टाचेवर कोठे डाग पडला हे सर्व त्यांना दिसणे अशक्य असते. म्हणून डाग पुसून खेळत राहणे हा या खेळातील सर्वांत निंद्य गुन्हा मानला जातो आणि तो उघडकीस आला तर त्या खेळाडूसोबत त्याच्या साथीदारांनाही बाहेर काढतात.

ज्येष्ठांच्या आक्षेपाला आम्ही हलके लेखत नाही. त्यांच्यापैकी एका आदरणीय गुरुजींनी आम्हाला सोपाऱ्याची आठवण करून दिली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उत्खनन करून उजेडात आणला, हे आपल्या शाळेतील पाचवीच्या मुलासही ठाऊक असते. त्याच वर्षी तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. (नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ साली भुईगावात सापडला, आम्ही जेथे खेळलो त्याच किनारपट्टीवर हे गाव आहे.) गुरुजींचे म्हणणे असे की, आठव्या लेखात अशोक काय सांगतो ते पाहा. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, तेथे शिकार आणि तत्सम करमणुकी चालत. आपण मात्र संबोधीस जाऊन आल्यानंतर धम्मयात्रा सुरू केली. ज्या भूमीत शिकारीचा खेळ सोडल्याची साक्ष दगडावर कोरलेली मिळाली, तेथे तुम्ही माणसांच्या शिकारीचा खेळ खेळता!

हा घाव वर्मी बसला, हे कबूल केले पाहिजे. आम्ही तो लेख पुन्हा वाचला. तेव्हा आमच्या लक्षात आले की, अशोकाने यात्रा बंद केली नाही. आनंदही बंद केला नाही. या नव्या यात्रेत आपणास अधिक आनंद मिळतो, असेच तो नोंदवितो. यात्रेत काय करावयाचे, एवढे त्याने बदलले: वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माची विचारपूस. म्हणजे एखादी करमणूक योग्य की अयोग्य हे तिच्या नावावरून वा साधनावरून ठरत नाही, तिच्यात प्रत्यक्ष काय घडते यावरून ठरते, असा अर्थ आम्ही घेतला. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या आहेत. रंगाची गोळी झाडणाऱ्याच्या मनात मारण्याची इच्छा असते काय? आम्ही आमच्यापुरते सांगू शकतो: नव्हती. लहानपणी वसतिगृहाच्या अंगणात चिंध्यांचा चेंडू ओला करून आबाधुबी खेळताना जी होती, तेवढीच होती. आणि त्या चेंडूने पाठीवर उठलेले वळ कोणत्याही अधीक्षकांनी हिंसेच्या खात्यात मांडले नव्हते.

तरी येथे वकिली फार ताणू नये. गटावर एकाने लिहिले की, स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणले तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले, मग आता काय झाले? हा युक्तिवाद आमच्या बाजूचा असूनही आम्हाला पटत नाही. नेमबाजीत समोर कागद असतो, आमच्या खेळात माणूस असतो. दीघ निकायाच्या पहिल्याच सुत्तात श्रमण गौतम ज्या खेळांपासून व प्रेक्षणीय गोष्टींपासून दूर राहतात त्यांची लांबलचक यादी आहे. तीत खेळण्यातले धनुष्य आहे, लुटुपुटुच्या लढाया पाहणेही आहे. ती यादी प्रव्रजितांसाठी आहे, गृहस्थांसाठी नाही, हे खरे. पण चीवर धारण करणाऱ्याने जे टाळावे ते त्याच्या चक्राचे चिन्ह छातीवर लावून आपण करावे काय, हा प्रश्न उरतोच. वसईच्या मातीने खरी लढाई पाहिलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा सुरुंगांनी तट उडाले आणि दोन्ही बाजूंची असंख्य माणसे मेली. ती तटबंदी रोज पाहणाऱ्या मुलांना लढाई आणि खेळ यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नसावे, असे आम्हाला वाटते. सातवीतल्या मुलाची आई याच्याशी सहमत होणार नाही, आणि तिचे भयही निराधार नाही.

आता ती गोष्ट.

दुसऱ्या फेरीत आमची गाठ बोईसरकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांच्या संघाशी पडली. ते आमच्याहून सरस होते. त्यांचे दोघे उरले होते, आमचाही एक बाद व्हायचा राहिला होता आणि दुसरा मैदानाच्या मध्यावरच्या बंकरमागे होता. त्याच्या डाव्या कोपरावर गोळी फुटली. राखीव म्हणून जाळीबाहेर उभ्या असलेल्या आम्हा दोघांना ती स्पष्ट दिसली. पंच पलीकडे होता. आमच्या साथीदाराने क्षणभर कोपराकडे पाहिले, बाही गवतावर घासली आणि तो पुढे धावला. निशाण त्यानेच नेले. आम्ही जिंकलो, आणि जाळीबाहेरून सर्वांत मोठ्याने ओरडलो ते आम्ही दोघेच.

पुढचा सामना हरलो. तरी तिसऱ्या क्रमांकाचे स्मृतिचिन्ह मिळाले आणि ते हातात धरूनच ते छायाचित्र काढले गेले. परतताना विरार स्थानकाच्या पुलावर त्या साथीदाराने आपण होऊन विषय काढला. तोपर्यंत आम्ही दोघांनी एक शब्द काढला नव्हता. तो कदाचित मोह होता. आमचे मात्र मौन होते, आणि विचार करून धरलेले मौन होते. पाणातिपाताविषयी ज्यांनी आम्हाला जाब विचारला त्या चाळीस संदेशांत तुम्ही प्रामाणिकपणे खेळलात काय, असे कोणीही विचारले नव्हते. बंदूक छायाचित्रात दिसत होती, पुसलेला डाग दिसत नव्हता. पंचशीलातील चौथ्या शीलाचा भंग आम्ही केला होता आणि चर्चा पहिल्या शीलाची चालली होती. खरे सांगायचे तर, तेव्हा आम्हाला ते सोयीचे वाटले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आयोजकांना सर्व लिहून कळविले आणि स्मृतिचिन्ह परत केले. निकाल बदलता येणार नाही, परंतु स्मृतिचिन्ह त्या संघाकडे पाठवू, असे उत्तर आले. त्यांच्या कप्तानाने फोन करून एवढेच विचारले की, गोळी नेमकी कोठे लागली होती. डाव्या कोपरावर, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग बरोबर, मीच मारली होती.” तो पुढे आणखी काही बोलला नाही.

वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेस भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघासमोर बसून विनंती करतो की, माझ्या हातून काही चूक घडल्याचे तुम्ही पाहिले, ऐकले असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर कृपा करून सांगा. तीन महिने एकत्र राहिलेल्या माणसांनाच एकमेकांचे डाग दिसतात. वसतिगृहात आम्ही दहा वर्षे एकत्र राहिलो. त्या हिशेबाने जाळीबाहेरच्या आम्हा दोघांचे कर्तव्य फार साधे होते.

काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात पेंटबॉलचे लहान मैदान उभारून देण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवला आहे. त्याला आमचा विरोध आहे, हे येथे नोंदवितो. कारण बंदूक हे नाही, किंवा केवळ तेवढेच नाही. आमच्या सात जणांच्या त्या एका दिवसाच्या खर्चात वसतिगृहातील एका मुलाचे महिन्याचे जेवण निघाले असते. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघते, हे आमच्यापैकी बहुतेकांना स्पर्धेनंतर कळले. आणि दहा वर्षांच्या मुलाला खोटी बंदूक खोटीच आहे हे दर वेळी आठवेल याची हमी आम्ही देऊ शकत नाही. तो निधी खो-खो आणि कबड्डीच्या मॅटकडे वळवावा. मोठ्या मुलांना आणि आमच्यासारख्या प्रौढांना बाहेर जाऊन पेंटबॉल खेळावयाचा असेल तर मनाई नसावी. टी-शर्टवर शाळेचे नाव असावे की नसावे हा निर्णय कार्यकारिणीचा आहे आणि तो आम्ही मानू. मात्र शाळेच्या क्रीडासप्ताहात एक नियम आणावा अशी आमची विनंती आहे: कबड्डीत स्पर्श झालेल्याने, खो-खोत बाद झालेल्याने, पंचाच्या शिट्टीपूर्वी स्वतः हात वर करावा.

ते सात टी-शर्ट सध्या नालासोपाऱ्यात आमच्यापैकी एकाच्या घरी आहेत. सहा धुऊन निघाले. सातव्याच्या डाव्या बाहीवर रंगाऐवजी गवताचा हिरवा डाग आहे आणि तो निघालेला नाही.