पोस्टडॉक म्हणजे विद्यार्थी नव्हे!

परवा माझे एक जुने रुग्ण ब्लडप्रेशर तपासायला आले. प्रेशर वाढलेलं होतं. "काका, कसली काळजी करताय?" मी विचारलं.

"मुलीची हो, डॉक्टर. ३४ वर्षांची झाली, पीएचडी झाली, तरी अजून शिकतेच आहे. ब्लड कॅन्सरवर काहीतरी करते. पोस्टडॉक की काय म्हणतात."

काका, ती शिकत नाहीये, ती काम करतेय. आणि हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. माझ्या कितीतरी डॉक्टर मित्रांचाही आहे, म्हणून हा लेख.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी पूर्णवेळ संशोधन करणारी व्यक्ती. रुग्णाच्या बोन मॅरोचा नमुना संध्याकाळी आला, तरी त्यातल्या पेशी शक्यतो लगेच वेगळ्या कराव्या लागतात, कारण वेळ गेला की त्या मरू लागतात. वाढायला ठेवलेल्या पेशींना ३७ अंश तापमान लागतं आणि दर दोन-तीन दिवसांनी नवं पोषक द्रव. त्यांना रविवार कळत नाही, गणपतीही कळत नाहीत. एकदा बुरशी शिरली की महिन्यांची मेहनत कचऱ्यात. के५६२ नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढवतात. त्या १९७० च्या दशकात सीएमएल या ब्लड कॅन्सरच्या एका ५३ वर्षांच्या रुग्ण स्त्रीकडून मिळाल्या होत्या.

सीएमएलचंच उदाहरण घ्या. मी एमडी करत होतो तेव्हा या रुग्णांना आम्ही हायड्रॉक्सीयुरिया द्यायचो. पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या, आजार मात्र आतून पुढे सरकत राहायचा. काही वर्षांत रुग्ण हातातून जायचा आणि आम्ही नातेवाइकांच्या नजरेला नजर देत नसू. आज त्याच आजाराचे अनेक रुग्ण रोज इमॅटिनिबची गोळी घेऊन नोकरी करतात, नातवंडं खेळवतात.

ही गोळी आभाळातून पडली नाही. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक बारकं गुणसूत्र दिसलं. हंगरफोर्ड तेव्हा पीएचडीही झालेला नव्हता. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. त्यातून तयार होणारं बिघडलेलं जनुकच हा कॅन्सर घडवतं, हे उंदरांवर सिद्ध व्हायला १९९० उजाडलं. ब्रायन ड्रुकर यांच्या चाचण्यांनंतर अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली मे २००१ मध्ये. म्हणजे ४१ वर्षं! या काळात पिपेट धरून उभे राहिलेले बहुतेक हात अशाच तात्पुरत्या नेमणुकीवरच्या तरुणांचे होते. त्यांची नावं गोळीच्या पाकिटावर नसतात.

"कॅन्सरचं औषध सापडलंय, पण कंपन्या दडवून ठेवतात" हा फॉरवर्ड मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतंच. मला याची चीड येते. दडवायला आधी सापडावं लागतं, आणि शोधणाऱ्याला आपण काय देतो? आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्र सरकारने रिसर्च असोसिएटचं मानधन महिना ५८ ते ६७ हजार केलं. आकडा वाईट नाही, असं तुम्ही म्हणाल. पण प्रकल्प संपला की नेमणूक संपते, आणि मानधन महिनोन् महिने अडकल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. कागदावर ती 'फेलो', म्हणजे कर्मचारी नाही. मग गृहकर्ज मागायला गेल्यावर बँकेचा माणूस चष्म्यावरून बघणारच. मूल कधी होऊ द्यायचं, हे ग्रँटच्या तारखा पाहून ठरवावं लागतं. अशी मुलगी संशोधन सोडून दुसरी नोकरी धरते, तेव्हा तिच्या हातातलं कसब तिच्याबरोबर जातं, आणि नवीन आलेला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे नुकसान तिच्यापेक्षा जास्त तुमचं आहे, कारण औषधाची वाट तुम्ही पाहताय.

आणि आपल्याकडे हे काम होत नाही असंही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. काही प्रकारच्या ब्लड कॅन्सरसाठी तो वापरतात, आणि परदेशी उपचारापेक्षा त्याचा खर्च कितीतरी कमी आहे. तरीही तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात नाही, हे मान्य. तो आणखी स्वस्त करण्याचं कामही प्रयोगशाळेतच व्हायचं आहे.

तुमच्या घरी कुणाची बोन मॅरो तपासणी होताना डॉक्टरांनी संशोधनासाठी थोडा जास्त नमुना मागितला, तर लगेच "आमच्यावर प्रयोग नको" म्हणू नका. संमतीपत्र वाचा, शंका विचारा. नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहेच, आणि नकार दिल्याने उपचारात फरक पडत नाही.

काकांची गोळी मी बदलली नाही. रात्री मुलीला फोन करा आणि आज प्रयोगशाळेत काय केलंस ते विचारा, एवढंच सांगितलं. पुढच्या महिन्यात प्रेशर पुन्हा बघू.